संगीत नाटक जगवण्याआधी गाणारा नट जगू द्या

नागपुरात संगीत नाटकाचा विषय निघाला की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एका वाटेवरचे लोक म्हणतात, हा महाराष्ट्राचा ठेवा आहे. सरकारने अनुदान द्यावं, जुनी नाटकं नव्या संचात उभी करावीत, शाळा-कॉलेजांत नाट्यसंगीत शिकवावं. दुसऱ्या वाटेवरचे म्हणतात, ज्याला लोक तिकीट काढून येत नाहीत ते करदात्यांच्या पैशावर किती दिवस उभं ठेवायचं? पहिले दुसऱ्यांना अरसिक ठरवतात, दुसरे पहिल्यांना स्मरणरंजनात बुडालेले. तासभर असं बोलून झालं की लक्षात येतं, सगळं बोलणं नाटकांबद्दल झालं. ती नाटकं गाऊन दाखवणारा माणूस पोट कसा भरतो, गाणं कुठे शिकतो, गळा बसला की काय करतो, हे कोणी विचारलंच नाही. मला हा वाद चुकीच्या जागी चाललेला दिसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. संगीत नाटक ही आधी काही माणसांची रोजीरोटी होती, वाङ्मयाचा प्रकार म्हणून त्याची नोंद नंतर झाली. गाता येणाऱ्या नटाला त्या कामावर घर चालवता आलं, तोवर नाटकं लिहिली गेली, चाली बांधल्या गेल्या, प्रेक्षक घडला. ती रोजी तुटली आणि मग कितीही संहिता जपल्या तरी त्यातून प्रयोग उभा राहिला नाही. दुसरी गोष्ट खास नागपूरकरांसाठी. गाऊन नाटक करण्याचा हा धंदा मेला असं आपण गृहीत धरतो, ते खरं नाही. इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजच्या आसपास, तो दर हंगामात रात्रीमागून रात्री चालतो आहे. संगीत रंगभूमीच्या भवितव्याची चिंता करताना आपण झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाचं, नाव घेत नाही, आणि त्यामुळे आपली चिंता अर्धवट राहते.

आधी गाणाऱ्या नटाचं काम म्हणजे काय ते नीट पाहू, कारण वादात ते फार सैल धरलं जातं. चांगला गायक आणि चांगला नट एकत्र केले की गाणारा नट होतो, असं नाही. पद सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं वाक्य तो अशा पट्टीत आणून ठेवतो की ऑर्गनचा सूर त्याला बाहेरून आलेला वाटत नाही. पद चालू असताना समोरचं पात्र ऐकतं आहे, उत्तर देणार आहे, याचं भान त्याला ठेवावं लागतं. मैफलीत गायकाने दोन आवर्तनं जास्त घेतली तर रंग चढतो. नाटकात तीच दोन आवर्तनं प्रसंगाचा जीव घेऊ शकतात, किंवा त्याला उंच उचलू शकतात, आणि कोणत्या रात्री काय होणार हे समोरच्या प्रेक्षकांवरून त्याने तिथल्या तिथे ठरवायचं असतं. हे कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात शिकता येत नाही. हे शेकडो रात्री रंगमंचावर काढूनच येतं. म्हणून ज्या व्यवस्थेत शेकडो रात्री मिळत नाहीत, त्या व्यवस्थेत गाणारा नट तयार होत नाही. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया एवढाच आहे.

जुन्या कंपन्यांनी नेमकं हे दिलं होतं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. त्यातले मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर ही नावं आपण आज आदराने घेतो. पण ते पगारावर राहणारे, एका बिऱ्हाडात जेवणारे, गावोगाव फिरणारे कामकरी कलावंत होते, हे सहसा सांगत नाही. नारायण राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि 'बालगंधर्व' म्हणून गाजले. १९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी स्वतःची कंपनी काढली. केशवराव भोसले लहानपणापासून कंपनीत वाढले आणि १९०८ मध्ये, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, 'ललितकलादर्श'चे मालक झाले. दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ मध्ये 'बळवंत संगीत मंडळी' उभी केली तेव्हा तेही तेवढेच तरुण होते. त्या वयातला गाणारा मुलगा आज नागपुरात काय करतो? बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षा देतो, आणि गाणं 'छंद म्हणून चालू ठेव' असा सल्ला ऐकतो. घरच्यांचं त्यात काही चुकत नाही. त्या मुलाला गाऊन जगता येईल असं ठिकाण त्यांना माहीत नसतं.

इथे पहिला आक्षेप मी प्रामाणिकपणे मान्य करतो. कंपन्यांचा काळ सोन्याचा नव्हता. लहान पोरं घरदार सोडून येत, मालकाच्या मर्जीवर राहत, आवाज फुटला की बाजूला पडत. उत्पन्न येई तितक्याच वेगाने शालू, अत्तर आणि पडद्यांत जाई. बालगंधर्वांची गंधर्व कंपनी नावारूपाच्या शिखरावर असतानाच कर्जात रुतली होती. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि पुढच्याच वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा' आल्यावर या कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकली. १९३५ मध्ये बालगंधर्वांना स्वतःला 'प्रभात'च्या चित्रपटात संत एकनाथ व्हावं लागलं. दीनानाथ एक्केचाळिसाव्या वर्षी, १९४२ मध्ये, आर्थिक ओढाताणीतच गेले. तेव्हा जुन्या कंपन्या परत आणा असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. पण त्या मोडल्या तेव्हा करमणुकीचं एक साधन गेलं एवढंच आपण लिहून ठेवलं. तालीम मास्तर, सलग प्रयोग आणि दोन वेळचं जेवण एका छपराखाली देणारी शाळा गेली, याची नोंद झाली नाही. तिच्या जागी पुढच्या नव्वद वर्षांत आपण काय उभं केलं?

याचं उत्तर नागपूरच्याच एका माणसाच्या आयुष्यात आहे. वसंतराव देशपांडे २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. आईने त्यांना एकटीने वाढवलं. शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते गाणं शिकले. १९३५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटात ते कृष्ण झाले. गळा आणि अभिनय एकाच देहात असल्याचा पुरावा इतक्या लवकर मिळाला होता. पुढे काय झालं? तेव्हा कंपन्या मोडत होत्या. वसंतराव लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला लागले आणि वीसहून जास्त वर्षं ती नोकरी केली. गाणं थांबलं नाही. लाहोरला असद अली खाँ, नंतर सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा गुरूंकडून ते घेतच राहिले, रेडिओवर गायले, चित्रपटांसाठी गायले. पण ज्या भूमिकेने त्यांना अजरामर केलं ती 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातली खाँसाहेबांची भूमिका २४ डिसेंबर १९६७ ला आली. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. ते नाटक लिहिलं नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, ज्यांनी इथे 'रंजन कला मंदिर' चालवून नाटकाची एक पिढी घडवली. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची 'नाट्यसंपदा'.

ही गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं, दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह होतो, आणि ते योग्यच आहे. पण जरा उलट बाजूने पाहा. एवढ्या ताकदीच्या गाणाऱ्या नटाची पंचविशी, तिशी आणि चाळिशीचा मोठा भाग फायलींवर बेरजा करण्यात गेला. त्या वीस वर्षांत तो रोज संध्याकाळी रंगमंचावर असता तर त्याने काय काय केलं असतं? आणि वसंतरावांइतकी चिवट प्रकृती नसलेले, पन्नाशीपर्यंत वाट पाहू न शकलेले, त्यांच्या पिढीतले किती गळे कचेऱ्यांत विरून गेले? त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ती कधी झालीच नाहीत. असामान्य माणूस व्यवस्थेशिवायही वर येतो. त्याच्याकडे बोट दाखवून व्यवस्थेची गरज नाही असं सिद्ध करायचं, हा संगीत रंगभूमीच्या चर्चेतला सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे.

खुद्द 'कट्यार'च्या पुढच्या प्रवासात गाणाऱ्या नटाचं काय झालं तेही दिसतं. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला. त्याने नाट्यसंगीत हजारो तरुणांच्या मोबाइलमध्ये नेलं, महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ज्यांनी आयुष्यात संगीत नाटकाचं तिकीट काढलं नव्हतं ते पदं गुणगुणू लागले. हा उपकार मोठा आहे आणि तो मी मनापासून मानतो. पण त्या चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आहे आणि आवाज राहुल देशपांडे यांचा. सदाशिवचा चेहरा सुबोध भावे यांचा आणि आवाज महेश काळे यांचा. शंकर महादेवन पंडितजी म्हणून दिसले आणि गायलेही, तेवढाच अपवाद. चित्रपटाच्या माध्यमाला ही वाटणी मानवते, त्यात गैर काही नाही. पण नाटकाचा पुनर्जन्म झाला असं म्हणताना एवढं तरी ध्यानात घ्यावं की जे काम रंगमंचावर एक माणूस करत होता ते दोघांत वाटलं गेलं. नाटकात एकच पद पंडितजींच्या ढंगाने आणि खाँसाहेबांच्या ढंगाने गायलं जातं. दोन घराण्यांचा झगडा प्रेक्षकाला गळ्यातून दिसतो. तिथे गाणं हाच अभिनय आहे. गाणी लोकप्रिय झाली म्हणून गाणारा नट जगला, हा हिशेब जुळत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा: प्रेक्षक नाहीत. हे शहरातल्या सभागृहांपुरतं बरंचसं खरं आहे. पण विदर्भातल्या माणसाने हे वाक्य उच्चारावं याचं मला नवल वाटतं. धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, कुठे आणखी काही निमित्त. गावातलं मंडळ वडशाच्या कंपनीशी करार करतं, मंडप टाकतं, तिकीट लावतं. पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पुढे वादक बसलेले, ऑर्गन आणि तबला, अलीकडे ऑक्टोपॅड. नटनट्या गातात, आणि गाता येणाऱ्याला मागणी आहे. कलावंत दुपारी निघतात, रात्रभर काम करतात, सकाळी परततात, झोपतात, पुन्हा निघतात. हा सारा व्यवहार मुख्यतः लोकांनी काढलेल्या तिकिटांवर चालतो. जाहिरातींत आजही 'संगीत नाटक' असं लिहिलेलं दिसतं. रात्रभर चालणारं, गाण्यांनी भरलेलं, पीक हातात आल्यावर बघायचं, फिरत्या कंपनीचं नाटक! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी संगीत नाटकाचं वर्णन याहून फार वेगळं करता येईल का?

येईल, असं शहरातले जाणकार म्हणतात, आणि त्यांचे आक्षेप मी टाळणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं 'स्वयंवर'सारख्या जुन्या संगीत नाटकातल्या पदांच्या तोडीचं नाही. राग, लय, शब्दोच्चार यांची जी तालीम बालगंधर्वांच्या गाण्यामागे होती ती तिथे नाही. कथा भडक असतात, विनोद कधी कधी पातळी सोडतो, मध्येच लावणीच्या नावाखाली नाटकाशी संबंध नसलेला नाच येतो, आणि प्रॉम्प्टरशिवाय पान हलत नाही. यातला प्रॉम्प्टरचा मुद्दा मला फारसा गंभीर वाटत नाही. रोज वेगळ्या गावात, अनेकदा वेगळं नाटक करणाऱ्या नटाला प्रॉम्प्टर लागतो. मोठमोठ्या कंपन्यांच्या विंगेतही तो उभा असे. बाकीचे मुद्दे मात्र खरे आहेत. झाडीपट्टीतलं गाणं आज आहे तसंच थोर आहे, असं म्हणणं त्या कलावंतांवरही अन्याय करणारं आहे, कारण त्यात 'तुमच्याकडून आम्हाला याहून जास्त अपेक्षा नाही' असा अर्थ दडलेला असतो.

पण मग इतिहासालाच विचारू या. 'स्वयंवर'ची पदं कुठून आली? १८८० च्या दशकात किर्लोस्करांच्या नाटकांत साक्या होत्या, दिंड्या होत्या, कामदा होती, म्हणजे जुन्या छंदांतली पदं. चाली कीर्तनातून, लावणीतून, लोकांच्या ओठांवरच्या गाण्यांतून उचललेल्या होत्या. शास्त्रीय संगीताच्या चष्म्यातून पाहिलं तर ते साधंच संगीत होतं. ते बदललं कधी? १९११ मध्ये 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी बांधल्या तेव्हा, आणि १९१६ मध्ये 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले आले तेव्हा. म्हणजे नाटकाचा धंदा तीस वर्षं चालू राहिल्यावर, त्यात पैसा आणि प्रेक्षक दोन्ही आल्यावर, त्या काळातला एक अव्वल गवई नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडात जाऊन बसला आणि त्याने आपली विद्या नटांच्या गळ्यात उतरवली. तेव्हा भास्करबुवांनी 'ही मंडळी आधी रागदारी शिकून येऊ देत, मग बघू' असं म्हटलं असतं तर आज आपण ज्याच्या नावाने उसासे टाकतो ते नाट्यसंगीत जन्मलंच नसतं. दर्जा आधी आणि धंदा नंतर, असा क्रम मराठी रंगभूमीच्या इतिहासात मला कुठेही सापडत नाही. धंदा आधी उभा राहिला, मग त्यात जाणकार उतरले, मग दर्जा चढला.

झाडीपट्टीत पहिली पायरी केव्हाच पार पडली आहे. दुसरी राहिली, आणि ती राहण्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. या शहरात संगीत विद्यालयांना तोटा नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुलंमुली दरवर्षी विशारद होतात. त्यानंतर त्यांच्यासाठी काय आहे? शिकवण्या, लग्नसमारंभ, एखाद्या दूरचित्रवाणी स्पर्धेची ऑडिशन, आणि सभागृहात जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम, ज्यांत बरेचदा वादकसुद्धा नसतात, कराओके ट्रॅक लावलेला असतो. ज्या शहरात शिकलेला गायक ट्रॅकवर गातो, त्या शहराने खेड्यातल्या मंडपात जिवंत साथीवर गाणाऱ्या नटाला अभिरुचीचे धडे द्यावेत हे मला पटत नाही. नागपूरचे काही कलावंत हंगामात झाडीकडे जातात, हे खरं आहे. पण त्यातले कित्येक ते इथे चारचौघांत मोकळेपणाने सांगत नाहीत. गाणाऱ्या नटीला तर दुहेरी सोसावं लागतं. रात्रभर बाहेर राहणारी बाई म्हणून शेजारी बोलतात, आणि झाडीपट्टीवाली म्हणून शहरातले नाटकवाले तिला भूमिका देताना कचरतात. १९३० च्या आसपास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढून रंगमंचावर उभं राहणं पत्करलं, तेव्हा स्त्रीने नाटकात काम करणं कुलीन घरांना पटत नव्हतं. त्यांच्या धैर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आज तेच धैर्य करणाऱ्या मुलीकडे पाहून नाक मुरडू नये.

इथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. झाडीपट्टीतला नट हा बहुतेक वेळा शेतकरी, शेतमजूर, छोट्या गावातला कारागीर अशा घरांतून आलेला असतो. त्याच्या कलेची मुळं दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांत आहेत. संगीत नाटकाचा 'ठेवा' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पुणे-मुंबईची, ठरावीक घरांतली, ठरावीक भाषेत बोलणारी माणसं येतात, आणि त्या चित्रात हा माणूस बसत नाही. दर्जाच्या आडून बोलताना कधी कधी आपण वेगळ्याच कारणाने कोणाला तरी दाराबाहेर ठेवत असतो. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीत आयुष्य घालवलेल्या नटाला दिल्लीने ओळखलं. विदर्भाच्या राजधानीतल्या किती नाट्यरसिकांनी त्याआधी त्यांचं काम पाहिलं होतं?

राहिला पैशाचा प्रश्न. करदात्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: प्रेक्षक नसलेला प्रयोग अनुदानाने जिवंत राहत नाही. राज्य सरकार संगीत नाट्य स्पर्धा घेतं. तिच्यामुळे हौशी संस्था अजून संगीत नाटकाला हात घालतात, हे तिचं श्रेय. पण एका रात्रीच्या प्रयोगासाठी महिना-दोन महिने तालीम करायची, पारितोषिक मिळालं तर आणखी एक प्रयोग, आणि मग नेपथ्य गोदामात, या चक्रातून गाणारा नट कसा घडणार? त्याला रात्री हव्यात. ज्येष्ठ कलावंतांचं मानधनही असंच. ते असायलाच हवं, वाढायला हवं, पण ते येतं तेव्हा गळा थकलेला असतो. पंचविशीतल्या कलावंताचं पावसाळ्यात कसं भागतं, प्रवासात अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोण करतं, रात्रीच्या जागरणाने आवाज गेला तर पुढचा हंगाम कसा काढायचा, यासाठी काय आहे? मग अनुदान नको का? हवं, पण ते माणसाच्या कामाच्या दिवसांभोवती असावं. नाटकाच्या निर्मितीला एकरकमी पैसे देण्यापेक्षा हंगामी कलावंतांचा विमा, गावोगावच्या प्रवासाची सोय आणि तालमीसाठी शिक्षकाचा पगार यांवर तोच पैसा खर्च झाला तर त्याचा हिशेब करदात्यालाही मागता येईल आणि पटेलही.

झाडीपट्टी आपोआप टिकेल, असंही कोणी समजू नये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळेपर्यंत शंकरपटाच्या निमित्ताने जमणारी गर्दी हा नाटकाचा एक जुना आधार डळमळीत होता. प्राण्यांच्या छळाबद्दलचा आक्षेप खरा होता, तो मी हलका करत नाही; नाटकवाल्यांना मात्र त्याची झळ बसली. करोनाने हंगामाचे हंगाम बुडवले. नाचाच्या मागणीपुढे गाणं मागे सरतं आहे. ज्या दिवशी मंडळाला असं वाटेल की गाणाऱ्या नटापेक्षा ट्रॅकवर नाचणारी पार्टी स्वस्त पडते, त्या दिवशी इथेही १९३० च्या दशकाची पुनरावृत्ती होईल. तेव्हाही बोलपट आल्यावर काही वर्षं 'नाटकाला काही होत नाही' असं म्हणणारे होतेच.

म्हणून माझी मागणी नागपूरपुरती आणि अगदी व्यवहाराची आहे. वसंतराव देशपांडे सभागृह असो की रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, हंगाम संपल्यावर एप्रिल-मेमध्ये काही रात्री वडशाच्या कंपन्यांसाठी सवलतीच्या भाड्यात राखून ठेवाव्यात. 'लोककला महोत्सव' म्हणून वीस मिनिटांचा तुकडा नको. पूर्ण नाटक, तिकीट लावून. कंपन्यांना त्यातून उन्हाळ्याचं काम मिळेल आणि शहराला त्यांचं गाणं ऐकून मग मत बनवता येईल. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्य ठाणं याच शहरात आहे. त्याने पावसाळ्याच्या महिन्यांत वडशाला गायनाचे आणि ऑर्गन-तबल्याचे शिक्षक पाठवावेत, कंपन्यांच्या वेळेनुसार, त्यांच्या नव्या नाटकांच्या तालमींत बसण्यासाठी. चाली बांधणाऱ्यांनी तिथल्या लेखकांबरोबर काम करावं. आणि इथल्या संगीत विद्यालयांनी विशारद झालेल्या मुलामुलींना एवढं तरी सांगावं की दिवाळी ते होळी गाऊन आणि अभिनय करून पैसे मिळवता येतील असं एक ठिकाण आहे, तिथे जाणं कमीपणाचं नाही, आणि तिथून परत आल्यावर 'सौभद्र'मधला कृष्ण करायला त्यांच्याइतका तयार माणूस पुण्यातही शोधून सापडायचा नाही. पहिल्या वर्षी एखादाच जाईल. त्याला हंगामाचं मानधन वेळेवर मिळालं, तब्येत सांभाळली गेली, सोबत चांगला ऑर्गनवाला असला, तर दुसऱ्या वर्षी त्याच विद्यालयातून आणखी कोणी तरी त्याला वडशाचा पत्ता विचारेल.